निंबोळी तेल की साबणाचं पाणी?

महाबळेश्वरहून रासबेरीची दोन रोपं आणून मुलुंडला तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये ठेवणं हा वेडेपणाच. या झाडाला मुंबईचा उकाडा सोसत नाही. तरी रोपं तगली, आणि पाठोपाठ मावा (रस शोषणारे बारीक किडे) आला, मग पांढऱ्या कापसासारखं आवरण असलेले पिठ्या ढेकूण. एका कुंडीला निंबोळी तेल (1500 पीपीएम, म्हणजे त्यातल्या कीडनाशक घटकाचं प्रमाण; लिटरला 5 मिली), दुसरीला पोटॅशचा साबण (किडींवर फवारायचा पातळ साबण, लिटरला 10 मिली), असं दोन महिने केलं. इमिडाक्लोप्रिड या रासायनिक कीटकनाशकाच्या वाटेला गेलो नाही; ते झाडात भिनतं, आणि फळ आपणच खाणार.

माव्यावर साबण झटपट. मात्र अंगाला लागला तोच किडा मरतो; फवारा वाळला की कारभार संपला. त्यात रासबेरीचं पान खालून पांढरट, लवदार. प्रत्येक पान उलटं धरायचं, आठवड्यातून दोनदा. निंबोळी इथे सरस वाटली. तिच्यातल्या अझाडिरॅक्टिन या कीडनाशक घटकामुळे पिल्लांना कात टाकता येत नाही. फरक उशिरा दिसतो, पण मावा लवकर परतला नाही. पिठ्याच्या कापसापुढे दोन्ही लंगडे. शेवटी साबणात बुडवलेला जुना टूथब्रशच चालवला.

मग साबणाकडे का वळलो? आमच्या ग्रिलमध्ये कुंड्या खाली आणि कपड्यांची दोरी वर. रविवारी संध्याकाळी निंबोळी फवारली, सोमवारी तिथलाच शर्ट घालून लोकलमध्ये चढलो. विक्रोळीपर्यंत शेजारचा माणूस नाक उडवत इकडेतिकडे बघत होता. घाटकोपरला कळलं, वास माझाच. लसूण आणि खवट शेंगदाणे एकत्र कुटल्यासारखा. दोन दिवसांनी खालच्या काकू टॉवेल घेऊन वर आल्या, त्यावर पिवळे ठिपके. "अहो, हे तुमच्याकडूनच ना?" त्यानंतर दर फवारणीला आधी दोरी रिकामी करा, मग खाली प्लास्टिक बांधा. माझा तर उत्साहच गेला.

फळांचंही आहेच. रासबेरी आतून पोकळ आणि नाजूक, चोळून धुता येत नाही. आमच्या मोजून 12 फळांपैकी निंबोळीवाली लेकीने थुंकून टाकली. माझ्या फवारण्याच्या पद्धतीतही चूक असेल, पण साबणवाली तिने मागून खाल्ली.

साबण म्हणजे कपड्यांची पावडर नव्हे हं. तिने माझी दोन पानं करपवली. आणि फवारायचं ते ऊन उतरल्यावरच, दोन्हीपैकी काहीही असो.

उरलेली निंबोळीची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. सोसायटीच्या गच्चीतल्या जास्वंदीवर वापरतो. तिथे कपडे कोणी वाळत घालत नाही.