तारांकित प्रश्न की विनंती अर्ज?
गावचा पूल रखडलाय, अधिकारी दाद देत नाहीत. विषय विधानसभेत न्यायच्या दोन वाटा आहेत.

तारांकित प्रश्न आमदार विचारतात. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात. ही त्याची खरी ताकद. पण प्रश्नोत्तराचा तास एकच. यादीत खाली असलेल्या प्रश्नाच्या वाट्याला येतं ते ‘हे अंशतः खरे आहे’ असं छापील उत्तर.

विनंती अर्जावर नागरिकांच्याच सह्या असतात. सादर तोही आमदारच करतात, पण पुढे विनंती अर्ज समिती खात्याच्या सचिवांना बोलावून जाब विचारू शकते. वेळ लागतो. तरी पुलासाठी मी अर्जच करेन. दुर्घटना घडली असेल, तर मात्र प्रश्नच. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते.