सिडकोतला भाड्याचा प्रोजेक्टर आणि दहा फुटी पडद्यावर हरलेली फायनल

१,८०० रुपयांत एका रात्रीसाठी प्रोजेक्टर, दहा फुटी पडदा, दोन स्पीकर, लागतील तेवढ्या वायरी आणि सगळं लावून देणारा पोरगा. डिपॉझिट २,००० वेगळं. नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या मागे हा साउंडवाला बसतो. दुकानाला पाटी नाही, हळदी आणि वाढदिवसांचीच कामं जास्त. दुसऱ्या एकाने याच सामानाचे तीन हजार सांगितले, वर 'जीएसटी वेगळा, भाऊ'.

आम्ही घेतला तो जुनी मॅच बघायला, तीही हरलेली. २०१४ ची फुटबॉल वर्ल्ड कप फायनल, रिओचं मारकाना स्टेडियम, जर्मनी १, अर्जेंटिना ०. आमचा अख्खा ग्रुप मेस्सीवाला, म्हणजे अर्जेंटिनावाला. २०२२ ला कतारच्या लुसैलमध्ये कप आला, ती मॅच आम्हाला तोंडपाठ आहे. २०१४ ची मात्र कुणी लावू द्यायचं नाही. रीलमध्ये आपला स्ट्रायकर हिग्वेन दिसला की अंगठा आपोआप वर सरकायचा. मीच म्हटलं, कप आलाय ना आता, मग घाबरायचं कशाला? लावा एकदा.

तेव्हा ती पाहिली होती अंबडच्या एका खोलीत, छोट्या टीव्हीवर. रात्री साडेबाराला सुरू झाली, तीन वाजून गेल्यावर संपली आणि सातला आमची फर्स्ट शिफ्ट. सुपरवायझर जर्मनीवाला होता. पुढचं सांगत नाही.

आता मालाबद्दल. चित्र झकास. शेजारच्या गच्चीवरचा दिवा बंद करायला लावा, नाहीतर हिरवं मैदान पिवळट दिसतं. मशीनच्या पंख्याचा आवाज येतो, पण गर्दीच्या आवाजात तो दबून जातो. स्पीकर ब्लूटूथवर अजिबात जोडू नका, आवाज चित्राच्या मागे राहतो. ३० व्या मिनिटाला हिग्वेनने बॉल जाळीत घातला, हात पसरून पळत सुटला, लाइन्समनचा ऑफसाइडचा झेंडा वर, आणि आमचा कॉमेंटेटर त्यानंतर 'गोल' ओरडायला लागला. एकदा फसवणूक झालेली पुरे नव्हती म्हणून दुसऱ्यांदा! पोराने लगेच वायर काढून दिली, मग आवाज बरोबर जुळला.

दुसरी अडचण दवाची. जानेवारीतली गच्ची, दहानंतर पडदा ओलसर होऊन खालून सैल पडला आणि जर्मनीचा गोलकीपर नॉयर, त्याचे पाय हातभर लांब झाले. तसाही तो पुरेसा लांब होता. खालच्या दांडीला दोन विटा बांधल्या, काम भागलं. हिवाळ्यात घेणार असाल तर विटा आधीच वर नेऊन ठेवा.

मोठ्या पडद्याचा खरा फायदा कळला तो मॅचमध्ये. २१ व्या मिनिटाला जर्मनीच्या क्रूसने डोक्याने मागे ढकललेला बॉल थेट हिग्वेनच्या पुढ्यात पडतो. समोर एकटा नॉयर. छोट्या टीव्हीवर मला वाटायचं, मागून कुणी चिकटलंय म्हणून त्याने घाई केली. कसलं काय, भरपूर वेळ होता त्याला. मनसोक्त शिव्या घालून झाल्या. पण पुढे ४७ व्या मिनिटाला मेस्सीचा फटका लांबच्या खांबाच्या अगदी जवळून बाहेर जातो, ९७ व्या मिनिटाला आपलाच पालासिओ छातीवर घेतलेला बॉल खालून सरकवायचा सोडून नॉयरच्या डोक्यावरून उचलतो, तोही बाहेर. एकट्या हिग्वेनच्या नावाने बारा वर्षं खडे फोडत बसण्यात अर्थ नाही, हे माझं मत. ग्रुपमध्ये दोघांना पटलेलं नाही.

११३ वं मिनिट आम्ही थांबवून थांबवून पाहिलं. जर्मनीचा शुर्ले डावीकडून धावतो, आपले लोक त्याच्यामागे ओढले जातात. मधे आपल्या डिफेन्डर डेमिकेलिसची नजर बॉलवर, आणि त्याच्या पाठीमागून ग्योट्झे सरकतो. छाती, डावा पाय, गोल. क्लोझच्या जागी ८८ व्या मिनिटाला आलेला माणूस! आपला गोलकीपर रोमेरो, त्याला दोष देता येत नाही.

आमच्यातल्या एकाचे मामा आले होते. ते म्हणाले, "तुमचं दुःख काहीच नाही रे, १९९० च्या फायनलला रोममध्ये पश्चिम जर्मनीला ८५ व्या मिनिटाला पेनल्टी दिली होती, ब्रेमेने मारली, मॅराडोना रडला." समोर चिवड्याची परात होती, मामांचा हात मात्र थांबला नाही.

सगळ्यात मजा त्या लावून देणाऱ्या पोराची. 'दादा, मी निघतो, सकाळी येतो' म्हणत पायरीवर बसला तो बसलाच. त्याला निकालच माहीत नव्हता. पालासिओने उचलला तेव्हा तो उभा राहून "अरे खालून ना!" म्हणाला. अर्जेंटिनात आजही लोक हेच म्हणतात. शेवटी मेस्सीची फ्री किक बारच्या खूप वरून गेल्यावर तो आमच्यापेक्षा जास्त चिडला. आम्ही त्याला जेवायला बसवलं आणि २०२२ चे पेनल्टी लावून दिले.

एक गुण कापला तो रिमोटसाठी. त्याचं मागचं झाकण येतानाच नव्हतं, तरी डिपॉझिटमधून १०० रुपये कापायला निघाले होते. पोरानेच मालकाला फोन करून सांगितलं, तेव्हा पूर्ण पैसे परत आले. तुम्ही घ्याल तेव्हा सामानाचा फोटो आधीच काढून ठेवा. आणि शनिवारचा हवा असेल तर लग्नसराईत महिनाभर आधी बुक करा, हळदीवाले सोडत नाहीत.

५ पैकी ४.