जीभ घसरली म्हणजे मन कळले का? बातम्यांच्या एका ॲपमधील चित्रफितींचे परीक्षण

बातम्यांच्या ज्या मराठी ॲपची वर्गणी मी भरतो, त्यात पुढाऱ्यांच्या वादग्रस्त विधानांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पाऊण मिनिटाच्या आतबाहेरच्या उभ्या चित्रफिती, खाली लाल पट्टी, पट्टीवर ‘जीभ घसरली’ ही ठरलेली अक्षरे आणि चोर रंगेहाथ सापडल्यावर वाजावा तसा पार्श्वसंगीताचा दणका, असे त्याचे स्वरूप आहे. ॲपचे नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच माल आता सगळीकडे मिळतो. या विभागाची जाहिरात मात्र ठाम दावा करते की एरवी नेता मुखवटा चढवून बोलतो आणि जीभ घसरली की खरा माणूस दिसतो. पैसे या दाव्यासाठी मोजायचे असतील, तर परीक्षणही त्याच दाव्याचे व्हायला हवे.

जमेची बाजू आधी सांगतो. मराठी उपशीर्षके बहुतेक ठिकाणी बिनचूक असतात आणि गावच्या सभेतील चिरक्या कर्ण्यावरचे बोलणेही ती नीट पकडतात. नेत्याच्या नावाने शोध घेता येतो, तालुक्याच्या नावानेही घेता येतो, आणि साध्या फोनवरही चित्रफीत न अडखळता चालते.

खरी अडचण वर्गवारीत आहे. दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी येथे एकाच पट्टीखाली येतात. २७ मार्च २०१८ रोजी कर्नाटकातील दावणगेरे येथे झालेल्या पत्रकार परिषदेत भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष अमित शाह यांनी, भ्रष्टाचाराची स्पर्धा लावली तर येडियुरप्पा सरकारचा पहिला क्रमांक येईल, असे विधान केले. त्यांना म्हणायचे होते सिद्धरामय्या, म्हणजे तेव्हाचे काँग्रेसचे मुख्यमंत्री. येडियुरप्पा शेजारीच बसलेले होते, सहकाऱ्याने कानात सांगताच शाह यांनी नाव दुरुस्त केले, पण तेवढ्या वेळात विरोधकांचे काम झाले होते आणि अखेर खरे तोंडून निघालेच, असा गाजावाजा काँग्रेसने केला. ज्या माणसाला आपल्या पक्षाच्या मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवाराचे नाव प्रचारात दिवसभर घ्यावे लागते, त्याच्या तोंडात तेच नाव भलत्या जागी येणे यात नवल नाही. येडियुरप्पा यांच्याविषयी कोणाला मत बनवायचेच असेल, तर २०११ साली लोकायुक्तांच्या खाण अहवालानंतर त्यांना पद सोडावे लागले आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली, या दोन नोंदी समोर आहेत. चुकलेल्या नावाने त्यांत काडीची भर पडत नाही.

अशा चुकांतून मन वाचण्याची हौस तशी जुनीच आहे. ऑस्ट्रियाच्या प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांनी बैठक सुरू करताना ती संपल्याचे जाहीर केले, हा भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ मेरिंगर यांनी नोंदवलेला किस्सा मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०१ साली उचलला आणि त्या बैठकीतून काही भले निघेल असे अध्यक्षांना वाटतच नसावे, असा त्याचा अर्थ लावला. मेरिंगर यांचे स्पष्टीकरण साधे होते: विरुद्धार्थी शब्द डोक्यात एकमेकांच्या शेजारी राहतात, म्हणून त्यांची अदलाबदल होते. पुढे १९७९ च्या सुमारास अमेरिकेत मायकेल मॉटली आणि बर्नार्ड बार्स यांनी प्रयोगात काही जणांच्या अंगाला विजेच्या तारा जोडल्या, झटका बसू शकेल असे त्यांना सांगितले आणि शब्दांच्या जोड्या भराभर म्हणायला लावल्या. त्यांच्या बोलण्यात विजेशी आणि झटक्याशी जुळणाऱ्या चुका अधिक आल्या. म्हणजे फ्रॉइड अगदीच हवेत बोलत नव्हते, पण चुकीतून कळते ते एवढेच की त्या क्षणी माणसाच्या डोक्यात काय घोळत होते. डोक्यात घोळणारी प्रत्येक गोष्ट त्याला पटलेली असते, असे नव्हे. झटक्याची भीती वाटणाऱ्याला झटका हवा असतो, असे कोणी म्हणणार नाही. १८ मे २०२२ रोजी डॅलस येथे, ज्यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने इराकवर आक्रमण केले ते माजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी युक्रेनऐवजी इराकवरील आक्रमणाला पूर्णतः असमर्थनीय आणि क्रूर म्हटले, तेव्हा इराक त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही हे दिसले. त्या एका शब्दावरून त्यांना पश्चात्ताप झाला असा निष्कर्ष काढणाऱ्यांची मात्र घाई झाली. मला विचाराल तर, नाव दुरुस्त केल्यावर ते ‘इराकही’ असे जे पुटपुटले, ते चुकलेल्या शब्दापेक्षा अधिक विचार करण्यासारखे आहे, आणि ॲपमधील फीत नेमकी त्याच्या आधी तुटते.

दुसऱ्या प्रकारात जीभ घसरलेलीच नसते. ६ एप्रिल २०१३ रोजी इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, धरणात पाणीच नाही तर काय लघवी करायची का, असा सवाल केला, तो ऐन दुष्काळात आणि मुंबईत आझाद मैदानावर पाण्यासाठी उपोषणाला बसलेल्या शेतकरी कार्यकर्त्याला उद्देशून. मे २०१७ मध्ये तुरीची खरेदी रखडल्यावरून शेतकरी हवालदिल झालेले असताना भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात आपल्या कार्यकर्त्यांपुढे ‘तरी रडतात साले’ म्हणाले. यांत कोणताही शब्द दुसऱ्या शब्दाच्या जागी आलेला नाही. वाक्याला कर्ता, कर्म, क्रियापद आणि टोमणाही आहे. अशा विधानाला जीभ घसरणे म्हणणे ही वक्त्याला दिलेली सूट आहे, आणि ॲप ती सूट न मागता देऊन टाकते. तरीही ‘हेच त्यांचे खरे मत’ हा निष्कर्ष मला पुरता पटत नाही. घरच्या माणसांत बोलताना पुढारी त्यांना रुचेल असे बोलतो, जसे मुंबईत व्यापाऱ्यांपुढे त्यांना रुचेल असे बोलतो. अशा विधानातून खात्रीने कळते ते हे की, या लोकांपुढे हे बोललेले खपेल, असा त्याचा अंदाज होता. मतदाराच्या दृष्टीने ही माहिती त्याच्या अंतःकरणापेक्षा कामाची आहे, कारण पुढे निर्णय घेताना तो हाच अंदाज वापरणार असतो.

हा अंदाज तपासायचा तर समोर कोण बसले होते, कोण हसले, कोणी मान खाली घातली, वक्ता हशासाठी थांबला का, हे पाहावे लागते. कॅमेरा मात्र सतत चेहऱ्यावर खिळलेला असतो आणि हशा असलाच तर तो संगीताच्या दणक्याखाली दडपला जातो. ‘संपूर्ण भाषण पाहा’ हे बटण आहे. ते दाबल्यावर तीच फीत आडवी दिसते. अनेक फितींवर मूळ भाषणाची तारीख नसते, त्यामुळे निवडणूक आली की दहा वर्षांपूर्वीचे विधान कालचे म्हणून फिरू लागते.

आर. आर. पाटील यांच्या विधानापुढे तर ही सगळी मांडणीच लंगडी पडते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पत्रकारांशी बोलताना, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडत असतात, अशा अर्थाचे हिंदी वाक्य ते बोलून गेले आणि १ डिसेंबरला त्यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले. तासगावच्या या नेत्याचे मराठी भाषण ज्यांनी ऐकले आहे, त्यांना त्या वाक्यात मनातली बेफिकिरी दिसण्यापेक्षा परक्या भाषेत अडचणीच्या क्षणी हाताशी आलेले चित्रपटछाप वाक्य दिसावे, असे मला वाटते. बोलणे अक्षम्य होतेच आणि राजीनामाही रास्त होता. पण पुढच्याच वर्षी, निवडणुकीनंतर, तेच पुन्हा गृहमंत्री झाले. पक्षाने त्या वाक्याचे वजन किती मानले, ते यावरून कळते. ॲपमध्ये यातले काहीच नाही. निंबोडीच्या विधानानंतर आठवड्याभराने कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ, अजित पवारांनी दिवसभर केलेला आत्मक्लेशही नाही. माफी मनापासून होती की राजकीय सोय, यावर वाद घालता येईल, पण त्यासाठी ती आधी दाखवायला हवी.

तुलनेसाठी संसद टीव्हीच्या यूट्यूब वाहिनीचे नाव घेतो. २०२१ साली लोकसभा आणि राज्यसभा या दोन वाहिन्या एकत्र करून ती सुरू झाली. तासन्‌तासांच्या त्या चित्रफिती कंटाळवाण्या आहेत, हवे ते वाक्य शोधताना जीव मेटाकुटीला येतो, आणि लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ३८० खाली अध्यक्षांनी काढून टाकलेले शब्द अधिकृत नोंदीत नसतात, ही त्यातली मोठीच उणीव. पण वाक्याआधी विरोधी बाकावरून काय टोचले गेले आणि नंतर कोणी बाके वाजवली, हे तेथे फुकटात समजते.

तालुक्याच्या वार्ताहराला जुने विधान झटपट शोधण्यासाठी हा विभाग उपयोगी पडेल. मत ठरवू पाहणाऱ्या वाचकाने त्यासाठी वर्गणी भरू नये. मी बातम्यांसाठी ती पुढेही भरणार आहे, मात्र हा विभाग मुख्य पानावरून हटवण्याची जी सोय सेटिंगमध्ये आहे ती वापरून तो बंद केला आहे. पाचपैकी दोन तारे देतो, आणि तेही उपशीर्षके लिहिणाऱ्यांना.