कार्डावर ४५ दिवस, तोंडात एक दाढ नाही

माझे वडील बैलाचं तोंड उघडून बघितल्याशिवाय त्याचं दावं हातात घेत नाहीत. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात त्यांच्यामागे फिरतच मी मोठा झालो. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला, ही दातांवरून ठरणारी बैलाची वयं. विकणारा काहीही सांगो, वय दातच सांगतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. असं असूनही गेल्या नोव्हेंबरात बारा हजार रुपये मोजून कुत्र्याचं पिल्लू घेतलं तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं नाही, लसीचं कार्ड बघितलं. आमच्या भागात मोबाईलवरून पिल्लं घेणारे दिवसेंदिवस वाढतायत, म्हणून झालं ते सगळं लिहितोय.

आम्ही उदगीरजवळच्या एका गावात राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला लॅब्रॅडॉर हवा होता. मोबाईलवर एकाचे व्हिडिओ सापडले. स्वच्छ फरशी, टोपलीत चार गुबगुबीत पिल्लं. फोन केला तर माणूस बोलायला इतका नम्र की शंकाच येऊ नये. "सर, डबल बोन आहे, आई-बाप दोन्ही केसीआय. पेपरसह वीस, विनापेपर बारा. लसीचे दोन डोस झालेत, कार्ड हातात देतो."

'डबल बोन' हा शब्द पिल्लांच्या बाजारात सगळीकडे ऐकू येतो. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की असा कुठलाही प्रकार नसतो, भाव वाढवायला काढलेला शब्द आहे तो. 'विनापेपर' हासुद्धा असाच सापळा. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था. तिची नोंदणी खरी असेल तर आई-बापाची नोंद आधीच असते, वेताची नोंद ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, स्वतः करतो आणि पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असते. चिपचा पंधरा आकडी नंबर यंत्र फिरवलं की लगेच दिसतो. जी नोंद आहेच, तिच्यासाठी आठ हजार जास्त कशाला? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. उलट आठ हजार वाचले म्हणून बरं वाटलं.

मी म्हणालो, घरी येऊन पिल्लांची आई बघतो. तो म्हणाला, "घरी नको सर, पार्वोची साथ चालू आहे. बाहेरच्या माणसाच्या चपलेवरून येतो तो." हे कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी फसलो. पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा उलटी-जुलाबाचा जीवघेणा रोग, आणि त्याचा विषाणू खरोखरच चपलेवरून, हातावरून, कपड्यावरून येतो. चांगले ब्रीडरही काळजी घेतात, पण ते पाहुण्याला चप्पल बाहेर काढायला लावतात, हातपाय धुवायला लावतात आणि मग लांबून का होईना आई दाखवतात. निदान व्हिडिओ कॉलवर तरी, आई आणि पिल्लं एकत्र. याने मात्र दोन हजार आगाऊ घेतले आणि लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका फाट्यावर बोलावलं. गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात पाच पिल्लं एकमेकांवर पडलेली. एक उचलून मुलीच्या हातात दिलं, कार्ड माझ्या हातात. उरलेले दहा हजार मी तिथंच फोनवरून पाठवले. पावती मागितली तर "कार्डच पावती आहे" म्हणाला.

मुलीने गाडीतच नाव ठेवलं, बिस्कीट.

घरी आल्यावर वडिलांनी त्याला मांडीवर घेतलं आणि सवयीने अंगठ्याने ओठ वर केला. "आरं, ह्येच्या तोंडात एक बी दाढ न्हाई की. ह्ये तर आणखी पितंय. कुणाचं तान्हं लेकरू उचलून आणलास?" मी त्यांना कार्ड दाखवलं. जन्म १२ ऑक्टोबर, आज २६ नोव्हेंबर, म्हणजे ४५ दिवस पूर्ण. ते काही बोलले नाहीत. रात्रभर पिल्लू कण्हत होतं. ते खाली ठेवलं की सरळ चालताही येत नव्हतं त्याला, मागचे पाय फाकायचे. आम्हाला वाटलं नवी जागा आहे, रुळेल.

तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं आणि पातळ शी केली. घरात म्हशीचं दूध दिलं होतं, ते बाधलं असं सगळ्यांनी धरलं. शेजाऱ्याने ताक द्या म्हणून सांगितलं, एकाने माणसाची जुलाबाची गोळी आणून दिली. ताक दिलं, गोळी सुदैवाने दिली नाही. पण यात एक अख्खा दिवस गेला. पिल्लाला उलटी आणि जुलाब दोन्ही सुरू झाले तर एक दिवस म्हणजे फार मोठा वेळ असतो. त्या इवल्या अंगातलं पाणी तासातासाने कमी होतं, आणि पार्वोत पिल्लू बहुतेक वेळा मरतं ते त्यानेच आणि आतड्याच्या जखमांतून रक्तात पसरणाऱ्या जंतूंनी. दुसऱ्या दिवशी पहाटे पांढऱ्या फेसाची उलटी झाली, शीमध्ये रक्त आलं. तो वास मी विसरू शकत नाही. तसा वास आला तर कुणीही घरगुती उपायाच्या नादी लागू नका, पिल्लू उचला आणि निघा.

उदगीरला डॉक्टरांनी शीची तपासणी केली, दहा मिनिटांत पार्वो निघाला. सलाईन लावता लावता त्यांनी कार्ड मागितलं आणि पिल्लाचं तोंड उघडलं. वडिलांसारखंच.

"पुढचे दात आणि सुळे आत्ताच वर यायलेत, दाढा हिरडीतच आहेत. चार आठवड्यांच्या वर नाही हे." वजन भरलं एक किलो आठशे ग्रॅम. दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉर साधारण साडेचार-पाच किलोच्या घरात असतं. मग त्यांनी मला कार्ड वाचून दाखवलं, आणि ते ऐकताना मी मान वर करू शकलो नाही. पहिला डोस ५ नोव्हेंबर. कार्डावरचीच जन्मतारीख धरली तरी तेव्हा पिल्लू २४ दिवसांचं, इतक्या लहानाला ही लस देत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात, आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. दुसरा डोस १५ नोव्हेंबर, म्हणजे दहा दिवसांत. खरं वय धरलं तर ५ नोव्हेंबरला बिस्कीट आठवडाभराचंही नव्हतं, त्याचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. लसीच्या बाटलीवर सोलून कार्डावर लावायचं लेबल असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. आमच्या कार्डावरच्या दोन्ही लेबलांपैकी एकाचा नेमका मुदतीचा कोपरा फाडलेला. डॉक्टरचा शिक्का होता, पण त्यावर पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता. हे सगळं फाट्यावर माझ्या हातात होतं. वाचायला दोन मिनिटं लागली असती.

आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला काही आठवडे संरक्षण मिळतं, पण त्यासाठी सहसा आईला लस दिलेली असावी लागते. ही आई कधी दवाखान्यात गेली असेल असं मला वाटत नाही.

सलाईन सुरू झाल्यापासून तिसऱ्या रात्री बिस्कीट गेलं. सलाईनची सुई पायाला तशीच होती. मुलीला उठवायचं की नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो, शेवटी उठवलं. बांधावर, कडुनिंबाखाली पुरलं.

मी विकणाऱ्याला फोन केला तेव्हा मला भांडणाची अपेक्षा होती. तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, मलाही वाईट वाटतंय. त्याच वेताचं दुसरं पिल्लू फुकट देतो. फक्त गाडीभाडं आणि लसीचे तीन हजार पाठवा." आणि मी पाठवले. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती, मला दुसरं काही दिसत नव्हतं. पैसे गेल्यावर दहा मिनिटांत नंबर बंद. पहिल्या फसवणुकीपेक्षा ही मला जास्त लागली, कारण माणूस दुःखात असताना कुठं हात घालायचा हे त्याला नेमकं ठाऊक होतं. या धंद्यात 'बदली पिल्लू' ही ठरलेली चाल आहे, हे मी मग आणखी दोघा-तिघांकडून ऐकलं.

डॉक्टर मात्र म्हणाले, पिल्लू आलं नाही तेच बरं. पार्वोचा विषाणू जमिनीत कित्येक महिने, वर्षभरही टिकतो. साध्या फिनाईलने मरत नाही. फरशीवर तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच टाकून दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. आमची अर्धी जागा शेणाने सारवलेली, अंगण मातीचं, तिथं ब्लीचचा काय उपयोग? लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्याच अंगणात आणलं असतं तर तेही गेलं असतं. बिस्किटाची गोधडी आम्ही जाळली, वाटी फेकून दिली.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण एकोणीस दिवसांनी. पैसे गेल्याबरोबर, त्याच तासात या नंबरवर फोन केला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. नंतर ती रक्कम पुढे पुढे सरकलेली असते. पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. माझे पंधरा हजार अजून परत आलेले नाहीत. तिथं मला सगळ्यात आधी पावती विचारली, आणि ती माझ्याकडे नव्हती.

२०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. मादी दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्लं घेता येत नाहीत, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचच्या वर नाहीत. म्हणजे मला '४५ दिवसांचं' म्हणून जे विकलं, ते खरोखर ४५ दिवसांचं असतं तरी विक्री बेकायदाच होती. आमच्याकडे मात्र ४५ दिवस हाच आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. आठ आठवडे उगाच ठरवलेले नाहीत. भावंडांशी खेळताना पिल्लू जोरात चावलं की दुसरं ओरडून खेळ थांबवतं, त्यातून जबडा किती आवळायचा हे ते शिकतं. आधीच उचललेली पिल्लं पुढे बरेचदा कडकडून चावतात, आवाजाला दचकतात, आणि मग 'लॅब्रॅडॉर असून चावतो' म्हणून मालक त्याला रस्त्यावर सोडतो.

त्या माणसाचे जुने व्हिडिओ मी नंतर एकेक करून बघितले. टोपलीच्या मागे एक फिकट मादी दिसते, डाव्या कानाला चीर आहे. एप्रिलच्या व्हिडिओत ती पिल्लांसोबत आहे. ऑक्टोबरअखेरच्या व्हिडिओतही तीच. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि ६३ दिवस गाभण राहते. हिला श्वास घ्यायलाही फुरसत दिलेली नाही. बरगड्या मोजता येतात, आचळं जमिनीला लागलेली. बिस्किटाची आई तीच असणार. माझ्या बारा हजारांनी तिचं पुढचं वेत ठरवलं, हे मनातून जात नाही.

सध्या शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, एका गावठी कुत्रीला चार पिल्लं आहेत. त्यातलं एक आमचं ठरलंय. ते दहा आठवड्यांचं झालंय, जंताचं औषध दिलंय, लसीचा दुसरा डोस परवाच झाला. सोळाव्या आठवड्यातला डोस होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत ते आईजवळच राहणार. मुलगी रोज शाळा सुटली की तिकडे जाते, चप्पल बांधावर काढून ठेवते. काल वडील तिच्यासोबत गेले होते. पिल्लाचा ओठ वर करून दाढा कशा मोजायच्या ते त्यांनी तिला दाखवलं. दुधाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात आलेत, असं तिने घरी येऊन मला सांगितलं.