नाटकातला नट मालिकेत ओळखायचाय? प्रभावळकर की गोखले

विक्रम गोखले सोपे. 'बॅरिस्टर' नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना 'अग्निहोत्र' मालिकेत स्क्रीनकडे बघायचीही गरज नाही, वाक्याच्या मधोमध तो पॉज आला की किचनमधूनसुद्धा कळतं हे गोखलेच, आणि क्लोजअपमध्ये तर तो पॉज अजूनच भारी वाटतो. दिलीप प्रभावळकर म्हणजे उलटा कारभार. 'हसवाफसवी' नाटकात एकटा माणूस सहा भूमिका करतो, मग ओळखायचं कशावरून? दूरदर्शनच्या मालिकेतला चिमणराव आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा एकच माणूस हे आमच्या आज्जीला पटतच नव्हतं (आबा केले तेव्हा साठीही झाली नव्हती हो त्यांची!). आवाज, चाल, मान हलवणं, सगळंच बदलतं. ओळखायची मजा गोखलेंमध्ये, पण फसायची मजा प्रभावळकरांमध्ये, आणि मला फसायलाच आवडतं.