आठ महिने, साडेअकराशे काडतुसं आणि एक हट्टी पिस्तूल

पहिल्याच दिवशी शंभर काडतुसांत सात वेळा अडकलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या सातांवरून सुरू झालं.

गेल्या ऑक्टोबरात डॅलसजवळच्या एका दुकानातून घेतलं. 9 एमएम काडतुसाचं, कॉम्पॅक्ट, चार इंचांच्या आतली बॅरल (नळी), खोक्यात 15 काडतुसांची दोन मॅगझिनं, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डब्या. कर धरून पावणेपाचशे डॉलरच्या आत बसलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका नगावरून सगळ्या मालाचा निकाल लावू नये, हे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लहानपणीच शिकलोय.

इथे नव्यानं आलेल्यांसाठी एक गोष्ट. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. ग्रीन कार्ड हातात पडल्यावरच मी दुकानाची पायरी चढलो. बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म 4473 भरला, दुकानदारानं माझ्या पार्श्वभूमीच्या तपासणीची विचारणा केली, होकार आला, वीस मिनिटांत बाहेर. आपल्याकडे 9 एमएम सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, .32 वर भागवावं लागतं. मामांना फोनवर कौतुकानं सगळं सांगितलं, आणि अडकण्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "एवढे पैसे मोजून अडकतंय? मग आपला गावठी कट्टा काय वाईट होता रे?"

अडकतं म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो. माझ्याकडे दोन तऱ्हा होत्या. पहिलीत गोळी सुटते, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे जाऊन पुढे येते, पण शेवटचे सात-आठ मिलिमीटर राहतात. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून बघितलं तर नवं काडतूस नाक खाली घालून बॅरलच्या तोंडाशी असलेल्या उतारावर टेकलेलं. दुसऱ्या तऱ्हेत रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही, स्लाइडच्या खिडकीत उभी अडकते, पत्र्याच्या घरावरच्या धुराड्यासारखी. इथे त्याला स्टोव्हपाइप म्हणतात. दोन्हीत चाप ओढला तर काही होत नाही, आणि ज्या कामासाठी हे घरात आणलं त्या कामात "काही होत नाही" हेच सगळ्यात वाईट.

रेंजवरच्या (नेमबाजीच्या मैदानावरच्या) माणसानं दोन मिनिटं बघितलं आणि ठरलेलं उत्तर दिलं: मनगट ढिलं पडतंय. हे साफ खोटंही नाही. अशा पिस्तुलात धक्क्यानं स्लाइड मागे जाते ती फ्रेमच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, आधारावर, आणि फ्रेमला आधार तुमच्या हाताचा. हातच मागे झुकला तर स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही, पुंगळी अर्धवट निघते. पिस्तूल जितकं आखूड तितकं हे नाजूक. स्लाइड हलकी, प्रवास कमी, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. मोठ्या पिस्तुलात जी चूक खपून जाते ती छोट्यात खपत नाही. शिवाय नव्या स्प्रिंगला बसायला दीड-दोनशे गोळ्या लागतात, असंही सगळे सांगतात. मीही मान्य केलं आणि मनगट आवळून आणखी शंभर झाडल्या. सहा वेळा अडकलं.

तिसऱ्या खेपेला बायको सोबत आली. तिच्या हातात पहिल्याच मॅगझिनला स्टोव्हपाइप. काउंटरवरचा गृहस्थ हसून म्हणाला, बायकांच्या मनगटात जोर कमी असतो, मॅडमना थोडं मोठं पिस्तूल दाखवू का? ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "याला म्हणावं, एकदा पुरणयंत्राचा दांडा फिरवून दाखव." मग तिनंच युक्ती काढली. रेंजवर भाड्यानं मिळणारं ग्लॉक 19 घेतलं. 1988 पासून बाजारात असलेलं, साधारण याच मापाचं, 15 काडतुसांचंच. आमच्याच डब्यातल्या गोळ्या, तीच मनगटं. तिनं पन्नास झाडल्या, मी पन्नास. एकदाही अडकलं नाही, आणि ते बिचारं भाड्याचं, बहुधा आठवडाभर कुणी पुसलेलंही नसावं. मनगटाचा विषय आमच्यापुरता तिथे संपला.

त्याच रात्री मी वही काढली. खरं तर पहिल्या दिवशीच काढायला हवी होती. क्वालिटीत नोकरी करणाऱ्या माणसानं दोनशे गोळ्या नुसत्या "मधेमधे अडकतंय" एवढ्यावर घालवल्या, याची अजून लाज वाटते. दोन्ही मॅगझिनांच्या बुडाला बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, एकाला एक, दुसऱ्याला दोन. प्रत्येक अडथळ्यापुढे लिहायचं: कुठलं मॅगझिन, कितवी गोळी, कुठली तऱ्हा, कुणाचा हात. पहिल्या दोन खेपांचे फोनवर फोटो होते, त्यात मॅगझिनच्या बुडावरचा एक ओरखडा ओळखू येत होता, म्हणून तेही जमेस धरता आले. तीनशे गोळ्यांअखेर एकूण 17 अडथळे. त्यातले 11 नाक खाली घालण्याचे, आणि अकराच्या अकरा दोन ठिपक्यांच्या मॅगझिनमध्ये. उरलेले सहा स्टोव्हपाइप, दोन्ही मॅगझिनांत सारखेच वाटलेले.

म्हणजे रोग एक नव्हता, दोन होते. दोन्ही एकाच तक्रारीत कोंबल्यामुळे उत्तर सापडत नव्हतं.

व्हर्निअर घेऊन बसलो. मॅगझिनच्या तोंडाशी काडतुसाला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन वळलेल्या कडा असतात. काडतूस कुठल्या कोनात आणि कधी सुटणार हे त्या ठरवतात. पहिल्या मॅगझिनपेक्षा दुसऱ्यात त्यांच्यामधलं अंतर पुढच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वेगळं निघालं. वडिलांच्या हाताखाली असा नग आला असता तर दुपारच्या जेवणाआधी परत गेला असता.

गोळ्यांचंही बघून घेतलं, कारण "स्वस्त गोळ्या वापरल्या असतील" हे दुसरं ठरलेलं उत्तर. 115 ग्रेनच्या दोन कंपन्यांच्या घेतल्या, म्हणजे साडेसात ग्रॅमच्या आसपास वजनाचं टोक, आणि 124 ग्रेनची एक. सगळ्या पितळी पुंगळीच्या. प्रत्येक डब्यातली दहा-दहा काडतुसं मोजली. कमाल लांबी 29.69 मिलिमीटर, त्यापुढे एकही गेलं नाही. 124 मुळे धक्का जरा जास्त बसतो, त्यानं स्टोव्हपाइप कमी होतील असं वाटलं होतं. वहीत तसं काही उतरलं नाही. पिस्तूल पहिल्या दिवशीच खोलून, कारखान्यातलं तेल पुसून, स्लाइडच्या खाचांना नवं लावलं होतं, तेव्हा तेही कारण नाही.

दुकानदाराकडे गेलो. त्यानं पावती उलटी करून दाखवली: विकलेली बंदूक परत घेतली जात नाही. इथल्या बहुतेक दुकानांत हेच चालतं, दाराबाहेर पडलं की माल वापरलेला. ग्राहक म्हणून वरच्या दाराला जावं तर तेही बंद. टोस्टर पेटला तर कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन कंपनीला तो परत मागवायला लावू शकतं, पण बंदुका त्या कमिशनच्या 1972 च्या कायद्यातूनच वगळल्या आहेत. बंदुकीचा सदोष माल परत बोलवायचा की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. हे कळल्यावर मी एक सिगारेट ओढली असती, सोडली नसती तर.

कंपनीला फोन केला तेव्हा मात्र वही कामाला आली. पलीकडच्या बाईंनी मनगटापासूनच सुरुवात केली. मी आकडे वाचायला लागल्यावर आवाज बदलला. नवं मॅगझिन आठवड्यात घरपोच आलं, फुकट, आणि जुनं मागितलंसुद्धा नाही. नव्या मॅगझिननं शंभर गोळ्या: नाक खाली घालणं शून्य, स्टोव्हपाइप चार. निम्मा रोग गेला.

उरलेला निम्मा एक्स्ट्रॅक्टरमध्ये होता. चेंबरमधल्या (बॅरलच्या मागच्या टोकाच्या घरातल्या) पुंगळीची कड पकडून तिला मागे ओढणारा तो छोटा हुक. भिंगाखाली त्याच्या कडेवर बर, म्हणजे धातू कापताना राहिलेली बारीक खरखरीत कड, दिसत होती, नख फिरवलं की लागायची. पुंगळीवरची पकड सैल असली की ती इजेक्टरवर (तिला बाहेर उडवणाऱ्या खुंटीवर) आपटायच्या आतच तिरकी होते, आणि बाहेर उडायच्या ऐवजी उभी राहते. खरं सांगतो, कानस हातात घेतली होती. अर्ध्या मिनिटाचं काम. बायकोनं दारातून विचारलं, "वॉरंटी संपली का आपली?" कानस परत ठेवली. बरंच झालं. बर काढली असती तरी स्प्रिंग कमजोर असती तर कळलं नसतं, आणि पुढचा सगळा दोष माझ्या कानशीवर आला असता.

पिस्तूल कंपनीकडे पाठवलं. हा भाग मला वाटला होता त्याहून सोपा. दुरुस्तीसाठी उत्पादकाकडे पाठवायला दुकानदार मध्ये लागत नाही, आणि दुरुस्त झालेलं पिस्तूल ते थेट तुमच्या पत्त्यावर पाठवू शकतात. कुरिअरची चिठ्ठी त्यांनीच भरलेली आली. मॅगझिनं पाठवू नका म्हणाले, तरी मी वहीच्या पानाची झेरॉक्स खोक्यात घातली. पाच आठवडे लागले. परत आलं तेव्हा सोबत तीन शब्दांची चिठ्ठी: एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग, बदलले. काय चुकलं होतं याचं अवाक्षर नाही. माझ्या पानाबद्दलही नाही.

परत आल्यावर 38 व्या गोळीला एक स्टोव्हपाइप झाला. तो का झाला हे मला आजही सांगता येत नाही, आणि तो वहीत लाल शाईनं आहे. त्यानंतर साध्या 612 आणि हॉलो पॉइंट 100, एकही अडथळा नाही. हॉलो पॉइंट वेगळ्या मोजल्या, कारण त्यांचं तोंड रुंद आणि पोकळ असतं, साध्या गोळ्या गिळणारं पिस्तूल त्यांना अडवू शकतं. आणि घरात भरून ठेवायच्या त्याच. वीसच्या डब्याला पंचवीस-तीस डॉलर पडतात, पाच डबे झाडताना हात जड झाला. अडलेल्या पिस्तुलाच्या भरात माणूस एक विसरतो, म्हणून सांगून ठेवतो: गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका, पुस्स आला, तर खटाखट स्लाइड ओढून पुढची झाडू नका. टोक बॅरलमध्येच राहिलेलं असू शकतं. तोंड निशाण्याकडेच ठेवून थांबा, पिस्तूल रिकामं करा, बॅरल आरपार बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही.

बाकीचं थोडक्यात. चाप जरा खरखरीत होता, आता बरा. मागची साइट साधी प्लास्टिकची, बदलणार आहे. पकड लहान हातालाही बसते, बायकोचा निशाणा माझ्यापेक्षा चांगला लागतो, यावर अधिक बोलत नाही. पिस्तूल बोटांच्या खुणेवर उघडणाऱ्या पेटीत असतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे, आणि टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. कायदा नसता तरी ठेवलं नसतं.

हेच पिस्तूल पुन्हा घेईन का? आज मिळतंय तसं, हो. ऑक्टोबरात मिळालं तसं, नाही. गोळ्यांवर वरचे साडेतीनशे डॉलर गेले, पाच आठवडे पेटी रिकामी राहिली. एवढ्या पैशांत पहिल्या दिवसापासून चालणारं घेता आलं असतं.

दोन ठिपक्यांचं मॅगझिन अजून आहे. रेंजवर जाताना बायको ते मुद्दाम सोबत घेते आणि मला न सांगता मधेच भरून देते. कितव्या गोळीला अडकेल ते दोघांनाही माहीत नसतं. अडकलं की बूड ठोकायचं, स्लाइड ओढायची, पुन्हा निशाणा. ते अडथळे वहीच्या मोजणीत धरत नाही. माझा वेळ तीन सेकंद, तिचा दोन.