व्हीवॅप की ओबीव्ही? क्रिप्टोच्या दिवसाच्या सौद्यासाठी चार्टवरच्या या दोन निर्देशकांपैकी कोणता बघावा?

रावेरला केळीचा भाव विचारला की जुना व्यापारी आधी विचारतो, "माल किती गेला?" समजा, १०० क्विंटल १,५०० रुपयांनी गेले आणि १० क्विंटल १,९०० रुपयांनी. साधी सरासरी १,७०० येते, पण खरा बाजार १,५३६ च्या आसपास होता. व्हीवॅप (व्हॉल्यूम-वेटेड ॲव्हरेज प्राइस) हेच करतो, व्यवहाराच्या वजनाने भावाची सरासरी काढतो आणि चार्टवर तिची रेषा दाखवतो. पाच-पंधरा मिनिटांच्या चार्टवर बिटकॉइन या रेषेच्या फार वर पळाला असेल, तर मी खरेदीला हात लावत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. क्रिप्टोला बाजार बंद होण्याची वेळच नाही. बहुतेक चार्टवर व्हीवॅप पहाटे साडेपाचला, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीला, नव्याने सुरू होतो. त्यानंतरचा पहिला तासभर तो किमतीलाच चिकटून असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर सौदा नको.

ओबीव्ही (ऑन-बॅलन्स व्हॉल्यूम) अमेरिकी बाजार-विश्लेषक जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी १९६३ मध्ये लोकप्रिय केला. कँडल (चार्टवरचा ठराविक वेळेचा किमतीचा खांब) मागच्या कँडलपेक्षा वर बंद झाली की तिचा सगळा व्हॉल्यूम, म्हणजे किती माल फिरला तो आकडा, मिळवायचा, खाली झाली की वजा करायचा. किंमत नवा उच्चांक करते आणि ओबीव्ही मागे राहतो, तेव्हा तेजीत दम नाही, हे तो छान दाखवतो. पण किंमत एका रुपयाने वाढली तरी तो पूर्ण व्हॉल्यूम धरतो, हे मला खटकतं.

छोट्या कॉइनमध्ये खोटा व्हॉल्यूम फिरवला जातो. तिथे दोन्ही फसतात, ओबीव्ही जास्त.

दिवसाच्या सौद्यासाठी माझा कौल व्हीवॅपला. नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस धरूनच हिशोब मांडा.